रेघ शेवटी

भाऊजी, तुमचा सोल्डर मी बंद केला, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

"वहिनी, पाणी," एवढंच म्हणालात. मी तांब्या घेऊन मागच्या खोलीत आले तोवर तुम्ही स्टुलावरून खाली घसरून भिंतीला टेकला होतात. भर दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक होतं. मग रिक्षा, दवाखाना, डॉक्टरांनी हलवलेली मान, पाव्हण्यारावळ्यांना लावलेले फोन. संध्याकाळी घरी आले तर दुकानामागून तापलेल्या तारेचा वास येत होता. जाऊन बघते तर वायरी डागायचा तो सोल्डर तसाच चालू, स्टँडवर नीट ठेवलेला. छातीत कळ आली असतानाही तुम्ही तो जागेवर ठेवला होतात. मी पिन काढली. लोकांसमोर मी रडले ते रडले, पण खरं रडू ती पिन काढताना आलं.

त्याला आज बारा दिवस झाले. सोमवारी महादेवाच्या देवळात तुमच्या नावाची अकरा ताटं द्यायची आहेत. तुमच्या दादांनी ती आपल्या भांड्यांच्या दुकानातून स्वतः निवडली, सगळ्यात जाड पत्र्याची, आणि प्रत्येक ताट उजेडात धरून बघितलं. त्यांवर नाव टाकायचं आहे. आणि नाव टाकणारं तुमचं मशीन बंद आहे. उभ्या मोटरचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारं कार्ड, जळला होता, त्याच्या जागी नवा बसवता बसवताच तुम्ही गेलात. वायरी जोडून झाल्या होत्या. सेटिंग राहिलं होतं.

दादा म्हणाले, "बाजारात कुनाकडूनबी टाकून आनतो. लई अवघड काम हाय का त्ये?"

मी म्हटलं, "भाऊजींचं नाव दुसऱ्याच्या अक्षरात? न्हाई. मी करते सेटिंग."

ते माझ्याकडे बघत राहिले. सातवी शिकलेली तलवाड्याची बाई, हिला ड्रायव्हर काय कळणार. त्या दिवसापासून ते तसेही कमी बोलतात.

तुम्हाला हसू येत असेल. ज्या बाईनं या मशीनला सवत म्हटलं, तीच आज त्याच्यापुढे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली आहे.

सवत म्हटलं ते काही उगाच नाही. औरंगाबादजवळच्या कारखान्यानं माणसं कमी केली आणि तुम्ही एक ट्रंक घेऊन बीडला परत आलात, तेव्हा मला वाटलं होतं चार दिवस खिन्न बसाल. तुम्ही तर पहिल्याच जेवणाला सुरू झालात. "वहिनी, परदेशातनं मशीन आलतं आमच्याकडं. सीएनसी म्हणत्यात. आत कुनी हात घालत न्हाई. आकडे लिहायचे, आन् ते लोखंड त्या आकड्यावर जाऊन उभं ऱ्हातं. केसभर इकडं न्हाई, केसभर तिकडं न्हाई." बोलताना तुमचा घास हातातच राहिला होता. त्या मशीनचं झाकण उघडायची परवानगी तुम्हाला नव्हती. त्यासाठी बाहेरून सुटाबुटातले इंजिनिअर यायचे. तुम्ही साडेतीन वर्षं त्याच्या बाहेरून फडकं मारलं आणि दिवे गेले की फ्यूज बदलला. नोकरी गेल्याचं दुःख तुम्ही एकदाही बोलला नाहीत. झाकण उघडायला मिळालं नाही, हे मात्र महिन्यातून दोनदा.

मग तुम्ही म्हणालात, "तसलं मशीन मी घरी बनवनार. छोटं. भांड्यावर नावं टाकनारं."

भांड्यावर नावं टाकणारी या घरात मी होते, भाऊजी. मामंजी छिन्नी-हातोडीनं ठिपके ठोकत. त्यांच्या मागे मी विजेचं पेन हातात घेतलं, ते कर्र करत हातात थरथरतं तसलं. लग्नसराईत शिरूर कासारपासून बाया यायच्या, भांडी भले दुसरीकडे घेतलेली असोत, नाव मात्र "वहिनींच्या अक्षरात" पाहिजे. बारशाच्या वाटीवर 'चि.', लग्नाच्या भांड्यावर 'चि. सौ. कां.', मग 'सौ.', आणि शेवटी देवळाच्या ताटावर 'कै.' एकेका माणसाचा सगळा प्रवास माझ्या पेनाखालून जायचा. तुम्ही माझं तेच काम मशीनला द्यायला निघालात, आणि वर मलाच विचारलंत, "कसं वाटतंय?"

"माझ्या हातावर सवत आनताय," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. मी हसले नव्हते.

जुना कॉम्प्युटर तुम्ही पुण्याहून यष्टीत मांडीवर घेऊन आलात, आईच्या गोधडीत गुंडाळून. मोटरी भंगारातल्या, कुठल्याशा ऑफिसातल्या मोडक्या प्रिंटरांमधून काढलेल्या. आटे पाडलेल्या सळया लेथवाल्याकडून. मागच्या खोलीत तुम्ही ते सगळं फळीवर मांडलं आणि मला बोलावलं, "या, ड्रायव्हर दाखवतो." मी दारात बघायला लागले, कोण माणूस आलाय म्हणून. तुम्ही तळहाताएवढं हिरवं कार्ड पुढे केलंत.

"ह्यो ड्रायव्हर. कॉम्प्युटर लई हळू बोलतो, वहिनी. त्याचं बोलनं मोटरला ऐकूच जात न्हाई. ह्यो मधी बसून तेच जोरात सांगतो."

पहिल्या दिवशी मोटर जागच्या जागी थरथरली, फिरेचना. प्रत्येकीला सहा वायरी, आणि भंगारातल्या वायरींच्या रंगावर काय भरवसा. तुम्ही मीटर लावून जोड्या शोधल्यात, दोन वायरींची अदलाबदल केलीत, आणि ती फिरायला लागली. मग तुम्ही ती थांबवलीत आणि म्हणालात, "आता दांडी फिरवून बघा." मी चिमटीत धरली. हलेना. पदर लावून धरली, दोन्ही हातांनी पिळली. मी पहाटे दोन हंडे कडेवर आणणारी बाई, आणि पेरूएवढी मोटर मला जुमानेना.

"बंद हाय की ही," मी म्हटलं.

"बंद न्हाई. उभी हाय. थांब म्हटलंय तिथं थांबलीय."

त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तोंडानं "बरं बरं" म्हणून मी भाकरी टाकायला निघून गेले. पण चुलीपुढे बसून माझ्या डोक्यात तेच. फिरणारी मोटर मी पंख्यात पाहिली होती, मिक्सरमध्ये पाहिली होती. सांगितलं तिथं उभी राहणारी कधी पाहिली नव्हती.

नंतर हळूहळू तुम्ही एकेक सांगत गेलात आणि मी, ऐकायचं नाही असं ठरवून, ऐकत गेले. एका फेऱ्यात ती दोनशे पावलं टाकते. एका फेऱ्यात सळई सव्वा मिलिमीटर सरकते. म्हणजे एका मिलिमीटरात एकशे साठ पावलं. तुम्ही तांदळाचा दाणा माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "ह्याच्या लांबीत जवळजवळ हजार." मी त्या दाण्याकडे बघत राहिले. आयुष्यभर तांदूळ निवडले, पण एका दाण्यात हजार जागा असतात हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

आणि तिचा एक दोषही तुम्ही त्याच दिवशी सांगितलात. "तिला दिसत न्हाई, वहिनी. पाऊल टाक म्हटलं की ती टाकती. पडलं का न्हाई, बघत न्हाई. पडलंच आसंल आसं समजून फुडं जाती."

"आन् न्हाई पडलं तर?"

"तर तिथनं फुडचं समदं चुकीच्या जागेवरनं."

पाऊल चुकतं कशानं? करंट कमी पडला तर. ड्रायव्हरवर बारका स्क्रू असतो, तो फिरवून करंट ठरवायचा. कमी ठेवला तर मोटरचा जोर जातो, जास्त ठेवला तर मोटर तापते आणि ड्रायव्हर जळतो. मीटरवर आकडा बघून तुम्ही अंदाजे लावायचात, पण भंगारातल्या मोटरीवर तिचा आकडा कुठे छापलेला. म्हणून तुमची पद्धत वेगळी. मोटरीच्या पाठीवर बोट टेकायचं आणि सावकाश 'ॐ नमः शिवाय' म्हणायचं. पाच वेळा म्हणता आलं तर करंट बरोबर. तिसऱ्याला बोट उचललं तर जास्त. अकरा झाले तरी काही वाटलं नाही तर कमी, स्क्रू वाढवायचा. कारखान्यातल्या सुटाबुटातल्यांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे, पण आपल्या घरात कुणालाच त्यात नवल वाटलं नाही.

एक दिवस तुमचे दोन्ही हात स्क्रूवर आणि मीटरवर अडकले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, जरा बोट टेका मोटरला."

मी टेकलं. उजव्या हाताची दोन बोटं. पाच झाले, सात झाले, अकरा झाले. "थंडगार हाय," मी म्हटलं. तुम्ही स्क्रू वाढवलात. मी पुन्हा अकरा म्हटले. "थंडच." तुम्ही आणखी वाढवलात. आणि कार्डातून धूर निघाला.

तुम्ही झटकन पिन ओढली, मोटरला हात लावलात आणि "आई गं" करून मागे घेतलात. बोटाला फोड आली. मग तुम्ही माझ्या बोटांकडे पाहिलंत. टोकं लाल झाली होती आणि मी ती अजून मोटरवर ठेवून उभी होते.

मला वाटलं होतं तुम्ही कार्डासाठी ओरडाल. आठवडाभर बसून जोडलेलं कार्ड होतं ते. तुम्ही फक्त विचारलंत, "कधीपासनं?"

भाऊजी, घरात कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं झाली होती. विजेचं पेन धरून धरून ती दोन बोटं सकाळी पांढरी पडायची, मग बधिर व्हायची. सुई टोचली तरी कळायचं नाही. मी लपवत होते, कारण अक्षर अजून सरळ येत होतं आणि अक्षर हीच माझी या घरातली ओळख होती. तुमच्या दादांना सांगितलं असतं तर त्यांनी काम बंद केलं असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या सवतीला मोकळं रान मिळालं असतं. मी म्हटलं, "काय न्हाई, थंडीनं." वैशाख चालू होता.

तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत गेले तर मोटरीच्या पाठीवर खडूनं लिहिलं होतं: डावा हात. आणि फळीवर चौकटीच्या कागदाची नवी वही होती.

"बसा. तुमचं अक्षर काढून द्या. मोठं मोठं. एका पानावर एक."

तोवर तुमचं मशीन काडेपेटीच्या काड्या जुळवल्यासारखी अक्षरं काढणार होतं, सरळ सरळ रेघांची, करायला सोपी. तुम्ही ते सगळं सोडून दिलंत. मी एक अक्षर काढायचं, आणि तुम्ही त्याच्या प्रत्येक वळणावर बारीक टिंबं देऊन चौकटी मोजायच्या आणि आकडे लिहून काढायचे. एका 'ळ'ला साठ टिंबं. "ह्याचं शेपूट इथं कावून वळवता?" तुम्ही विचारायचात. मला काय माहीत कावून. हात वळतो. "मग तसंच घेतो," म्हणून तुम्ही पुन्हा मोजायला बसायचात. पाच महिने. दोनशे पानी वही भरली, दुसरी लागली. माझ्या हाताकडे आईबापांनी, नवऱ्यानं, कुणीच कधी एवढं बारकाईनं पाहिलं नव्हतं, भाऊजी. मी संकोचायचे आणि मनातून वाट बघायचे.

शेवटी तुम्ही माझं विजेचं पेन मागितलंत. मशीनच्या पकडीत ते बसवायचं होतं. मी ते पुसून तुमच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

पहिलं नाव फसलं. गंगाबाई असं टाकलं आणि नाव निम्म्यातच आटोपलं, सगळी अक्षरं उपाशी, अंग चोरून उभी. आडव्या मोटरच्या ड्रायव्हरवरचं बटण अर्ध्या पावलावर राहिलं होतं, उभ्याचं पूर्ण पावलावर. "गंगाबाईला जेवू घाला जरा," मी म्हटलं, आणि तुम्ही एवढे हसलात की बटण बदलायला हात स्थिर होईना.

दुसरं नाव आलं. मोडीत काढलेल्या ताटावर, कर्र कर्र करत, माझं पेन माझ्याशिवाय चालत होतं. 'ग' आला. माझा 'ग'. त्याचा काना जरा आत झुकतो, शाळेत त्यासाठी मी मार खाल्ला होता, तो तसाच झुकलेला. मी हात मागे बांधून उभी होते आणि माझा हात तिथं ताटावर लिहीत होता. तुम्ही विचारलंत, "बरोबर हाय का?" आणि मी म्हटलं, "काना जरा वाकडा हाय." तुम्ही वहीत बघून म्हणालात, "तुमचाच हाय." एवढंच बोलणं झालं त्यावर. केवढं बोलायचं होतं.

आणि मग तुळसाबाईंचा हंडा.

त्यांच्या मुलीचं लग्न. 'चि. सौ. कां. कमळ' असं टाकायचं. मशीन आधी सगळी अक्षरं काढतं आणि मग वरची रेघ मारतं, आपण हातानं लिहितो तसंच. अक्षरं सुंदर आली. मग पेन मागे गेलं, रेघ सुरू झाली, आणि ती अक्षरांच्या डोक्यावरून जायची सोडून थेट त्यांच्या पोटातून गेली. इकडून तिकडे. लग्नाच्या हंड्यावर नवरीचं नाव खोडलेलं.

तुळसाबाई दुकानात उभ्या राहून जे बोलल्या ते अर्ध्या बाजारानं ऐकलं. "माज्या लेकीचं नाव खोडता? लग्नाच्या आदी? आगं काय म्हनावं तुमाला!" दादांनी हात जोडले, नवा हंडा दिला. मी त्यावर बधिर हातानं, ओठ चावून, नाव टाकून दिलं. त्या गेल्या आणि मी मागच्या खोलीत आले.

"रेघ आधी मारायची," मी म्हटलं. "आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं. पावलं चुकली तरी नाव खोडलं जानार न्हाई."

"न्हाई," तुम्ही म्हणालात.

"कावून न्हाई?"

"रेघ आधी मारली की चूक लपती. शेवटी मारली की दिसती."

"गिऱ्हाइकाला दिसायलाच कशाला पायजे?"

"मला दिसायला पायजे."

एवढं साधं बोलणं, आणि त्यावरून आपण आठ दिवस तिरके बोललो. तुम्ही ताटावर "मीठ कमी हाय" असं माझ्याकडे न बघता म्हणायचात. शेवटी चिडूनच मी मोडक्या ताटावर तेच नाव लावायला सांगून मशीनसमोर स्टूल घेऊन बसले, ही बया पाऊल चुकते कुठे ते बघायला. 'क' गेला, 'म' गेला. 'ळ' आला, आणि त्याच्या गाठीपाशी मोटर गुरगुरली. माझ्या हाताला ते कळलं. कानांच्या आधी हाताला.

"भाऊजी, वळनाच्या आदी माझा हात दमानं घेतो. तुमची मोटर घेत न्हाई. ती पळत येती आन् तशीच वळती."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं त्या परदेशी मशीनबद्दल बोलताना पाहायचात. मग कॉम्प्युटरवर बसलात. प्रत्येक वळणाच्या आधी पावलं सावकाश, वळण झालं की हळूहळू जोरात, असं तुम्ही घातलंत, आणि ड्रायव्हरचा स्क्रू जरासा वाढवलात. डावं बोट टेकून मी नमः शिवाय म्हटलं. पाचव्याला बोट उचललं. त्यानंतर तीन लग्नसराया गेल्या, रेघ एकदाही पोटातून गेली नाही.

पण वाद मिटला नाही. मी दर सराईच्या सुरुवातीला म्हणायचे, रेघ आधी. तुम्ही म्हणायचात, शेवटी. "एकदा तरी म्हना, वहिनी, 'भाऊजी, तुमचं बरोबर.' कानाला बरं वाटंल." मी म्हणायचे, "तुमच्या लग्नाच्या ताटावर लिहून देते." ते ताट काही आलं नाही. तुम्ही मोटरींशीच संसार केलात.

तुमचं स्वतःचं नावही तुम्ही मशीनवर कधी काढलं नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आईनं लई अवघड नाव ठिवलंय. 'द्धे' आन् 'श्व'. मोटरीची परीक्षा बघायची तर हेच नाव घालावं. एखाद दिवशी बघू." सिद्धेश्वर. या घरातलं सगळ्यात जास्त वळणांचं नाव, आणि आज ते टाकायचं होतं.

सकाळी अंघोळ करून बसले. तुमच्या वहीत सेटिंगचं पान काढलं. मीटरची लाल तार कुठे, काळी कुठे, तुम्ही चित्र काढून ठेवलं होतं. स्क्रू हातात धरला तर उजव्या बोटांना तो लागेचना, दोनदा सुटला. मग डाव्या हातानं. स्क्रू म्हणजे मुगाएवढा. जरा फिरवला की आकडा उडी मारायचा. तुम्ही हे किती सहज करायचात, गाणं गुणगुणत. आकडा जुळला. बटणं पाहिली, दोन्ही पूर्ण पावलावर. वीज दिली आणि दांडी धरून बघितली. हलली नाही. तुम्ही गेल्यानंतर या घरात पहिल्यांदा काहीतरी सांगितल्या जागी उभं राहिलं.

मग डावं बोट टेकवलं. खडूचं अक्षर अजून आहे त्या पाठीवर. सातव्याला उचललं. स्क्रू जरासा वाढवला, मोटर तापू दिली, पुन्हा टेकवलं. पाचव्याला उचललं. बरोबर.

कॉम्प्युटर चालू केला. मला फक्त नाव टाइप करून बटण दाबायचं माहीत. पण आज पडद्यावर एक ओळ जास्त आली, इंग्रजी अक्षरांत तुमचं मराठी: 'वहिनी, रेघ आधी का शेवटी?' आणि खाली एक आणि दोन.

हे कधी केलंत? गेलात त्याच आठवड्यात काहीतरी टाइप करत बसला होतात, मी विचारलं तर "काय न्हाई" म्हणालात. इतकी वर्षं माझ्याशी भांडलात आणि मग गुपचूप माझ्या हातात देऊन गेलात.

मी एकवर बोट ठेवलं, भाऊजी. खोटं कशाला बोलू. नवा ड्रायव्हर, माझं पहिलं सेटिंग, तुमचं अवघड नाव. रेघ शेवटी ठेवली आणि पावलं चुकली, तर तुमचं नाव माझ्याच हातानं खोडलं जाणार. दादांना ते ताट कोणत्या तोंडानं दाखवू? रेघ आधी मारली तर फार फार तर काय होईल, अक्षरं जरा खाली लोंबतील. लोक म्हणतील, वहिनींचं अक्षर आता पहिल्यासारखं राहिलं नाही.

आणि तिथं मला कळलं. रेघ आधी मारली असती तर मशीनची प्रत्येक चूक माझ्या अक्षराच्या नावावर गेली असती. रेघ शेवटी ठेवून तुम्ही ती तुमच्या नावावर घेतलीत. तुळसाबाईंच्या शिव्या खाल्ल्यात, आठ दिवस माझे टोमणे खाल्लेत, पण माझ्या अक्षराला कुणाला बोट लावू दिलं नाहीत. आणि हे तोंडानं कधी सांगितलं नाहीत. कावून न्हाई सांगितलं, भाऊजी? मी भांडले नसते.

मी दोन दाबलं.

पहिलं ताट अकरांखेरीज, घरी ठेवायचं म्हणून त्यावर 'कै.' घातलं नाही. नुसतं सिद्धेश्वर. पेन चालू झालं. 'स' आला, वेलांटी आली. 'द्धे'च्या गाठीपाशी मोटरनं दम घेतला, माझ्या हातानं घेतला असता तसा, आणि वळली. 'श्व'ला वळली. 'र' संपला. पेन उचललं गेलं आणि डावीकडे, सुरुवातीला परत गेलं. दादा कधी येऊन दारात उभे राहिले होते मला कळलंच नाही.

रेघ सुरू झाली. 'स'च्या डोक्यावरून गेली. 'द्धे'च्या, 'श्व'च्या, 'र'च्या. एक पाऊल इकडे नाही, एक पाऊल तिकडे नाही. हजारो पावलं, एकालाही दिसत नाही, आणि एकूण एक जागेवर पडलेली.

दादा आत आले, त्यांनी नावावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सिधू." मग बाहेर जाऊन दुकानात बसले.

मीही हात फिरवला. उजव्या बोटांना काही लागलं नाही. मग डावा हात फिरवला, आणि तुमचं नाव हाताला लागलं.

तुमचं बरोबर, भाऊजी. आता दुसरं ताट लावते. याच्यावर 'कै.' टाकायचं आहे.